पेडल-ब्रेकची सायकल, ढिलं चाक आणि एक स्क्रू



गेल्या मे महिन्यात पेडण्यातल्या धारगळच्या आमच्या घराची कौलं परतायला काढली. माळा रिकामा करायचा म्हणून पुतण्याने एकेक वस्तू खाली उतरवली. पितळी समई, दोन मोडके पाट, भाताचं कणगं, आणि सगळ्यात शेवटी बाबांची सायकल. टायर कुजून गेलेले, सीटचं चामडं उंदरांनी खाल्लेलं. पण सांगाडा शाबूत. पुतण्या म्हणाला, "काका, ही म्हापशाला दाखवू या का? हल्ली अशा जुन्या सायकली लोक हॉटेलात शोभेला ठेवतात." मी म्हटलं, शोभेला नको. चालती करू.

म्हापशाच्या दुकानदाराने मागचं चाक धरून दोनदा हलवलं. चाक डावी-उजवीकडे लटलट करत होतं. तो म्हणाला, "हा ब्रेक मी आयुष्यात खोलला नाही. पुरं चाकच बदला." आम्ही सायकल परत घेऊन आलो. मी पंच्याहत्तरीला टेकलोय, पण हे चाक मला खोलता येतं. ते मी बारा वर्षांचा असताना शिकलो. आणि ते शिकण्यापायी घरात काय घडलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून हे जरा लांबण लावून लिहितोय. सांभाळून घ्या.

आधी सायकल मुळात आली कुठून ते सांगतो, कारण तिची गोष्ट ही मुरगावचीच गोष्ट आहे.

बाबा मुरगाव बंदरात एका शिपिंग एजंटाकडे टॅली क्लार्क होते. म्हणजे बोटीत काय चढलं, काय उतरलं, त्याच्या रेघा मारायच्या आणि संध्याकाळी हिशेब जुळवायचा. आमची मूळं पेडण्यातली, पण पोट मुरगावात. पेडणे, डिचोली, सत्तरीतून अशी कितीतरी घरं तिकडे गेली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगावला धक्का आणि रेल्वे झाली. १८८० च्या दशकाच्या शेवटी गाडी घाट चढून कॅसलरॉकपर्यंत जाऊ लागली, तेव्हापासून हा ओघ सुरू झाला. आमच्या चाळीत घरात मराठी, अंगणात कोकणी आणि कचेरीत मोडकंतोडकं पोर्तुगीज, असा तीन मजली कारभार होता.

मग १९५५ साल आलं. १५ ऑगस्टला सत्याग्रही निःशस्त्र गोव्यात शिरले. आमच्या पेडण्यातल्या पत्रादेवीला आणि इतरही ठिकाणी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर भारत सरकारने नाकेबंदी आवळली. रेल्वे बंद, मनिऑर्डरी बंद, माल बंद. सरहद्दीपलीकडून येणारं सगळंच थांबलं.

आता गंमत अशी की नाकेबंदीने गोवा उपाशी पडायला हवा होता, तो पडला नाही. कारण मुरगाव बंदर उघडं होतं. बाबा सांगायचे, आम्ही एका पानावर साऱ्या दुनियेच्या रेघा मारत होतो. बटाटे हॉलंडचे, तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं, पोलाद बेल्जियमचं, दारू अर्थातच पोर्तुगालची. आणि जाताना बोटी भरून जायच्या त्या डिचोली, साखळी, सांग्याकडच्या लोखंडाच्या खनिजाने. नदीतून बार्जी उतरायच्या, मुरगावच्या खाडीत उभ्या असलेल्या बोटींत माल चढायचा, आणि धक्क्यावरची माणसं संध्याकाळी तांबडी होऊन घरी यायची. जपानच्या भट्ट्यांना खनिज हवं होतं आणि डिचोलीच्या डोंगरांत ते होतं, म्हणून गोव्यात पैसा खेळत होता. १९५८ मध्ये जुनी रुपिया जाऊन एस्कुद आला, सहा एस्कुदांना एक रुपिया या हिशेबाने. त्याच सुमाराला बाबांनी साठवलेल्या पैशांतून बोटीने आलेली एक वापरलेली सायकल विकत घेतली.

ती साधी सायकल नव्हती. तिला हँडलवर मागचा ब्रेक नव्हता. पायडल पुढे मारलं की चालते, पाय थांबवले की सुटी धावते, आणि पायडल उलट दाबलं की थांबते. आमच्याकडे सगळे तिला 'पेडल-ब्रेकची' म्हणत. मागच्या चाकाच्या मधोमध नारळाच्या करवंटीएवढा जाड हब, आणि त्याच्या डाव्या अंगाला एक लोखंडी पट्टी, तिच्यावर अक्षरं कोरलेली: टॉर्पेडो. मी लहानपणी समजत होतो की ती पाणसुरुंगाच्या कारखान्यात तयार झाली. बोटींच्या गावातला पोरगा, दुसरं काय समजणार!

पुढे मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं. जर्मनीत श्वाइनफुर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या अर्न्स्ट झाक्स नावाच्या माणसाला सायकलींच्या शर्यतींचा नाद होता. त्याने भागीदारीत १८९५ मध्ये फिश्टेल आणि झाक्स हा कारखाना काढला आणि १९०३ मध्ये हा टॉर्पेडो हब बाजारात आणला. त्याच्या आत लहान रोळ असतात. पायडल पुढे मारलं की ते उतरणीवरून सरकून हबच्या भिंतीला घट्ट बसतात आणि चाक ओढतात. उलट दाबलं की आतला एक कोन सरकतो, तो ब्रेकचं नळकांडं फुगवतो आणि ते हबला आतून घासतं. पाऊस, चिखल, धूळ यांचा ब्रेकला उपद्रव नाही, कारण सगळं बंद डबीत. युरोपात अशा सायकली लाखांनी चालल्या, हॉलंडात आजही चालतात. आपल्याकडे भारतात मात्र १९५० च्या दशकात ज्या कारखान्यांनी जोर धरला, आसनसोल, मद्रास, सोनिपत, लुधियाना, त्यांच्या सायकली बहुतेक दांड्यांच्या ब्रेकच्या. म्हणून सावंतवाडीच्या माणसाला बाबांची सायकल दाखवली की तो आधी हँडलच चाचपायचा.

पण या हबची एक अट आहे आणि माझी सगळी गोष्ट त्या अटीवरच उभी आहे. ब्रेक दाबला की चाक आपल्याबरोबर आतला आससुद्धा फिरवू बघतं. त्याला कुणीतरी धरून ठेवायला हवं. ते काम ती डावीकडची पट्टी करते. पट्टीचं एक टोक आसाला, दुसरं टोक फ्रेमच्या दांडीला एका छोट्या क्लिपने बांधलेलं. क्लिप म्हणजे पत्र्याचा वाकवलेला तुकडा, त्यात एक स्क्रू आणि एक नट. साऱ्या ब्रेकचा भार अखेर त्या करंगळीएवढ्या स्क्रूवर.

ही सायकल घेऊन बाबा चवथीला मुरगावहून धारगळला यायचे. झुआरीवर पूल १९८३ मध्ये झाला, मांडवीवरचा पहिला पूल १९७० च्या सुमाराला. त्याआधी कुठ्ठाळीला गॅसोलिनीत सायकल चढवायची, आगशीला उतरायचं, पणजीपर्यंत पायडल, परत गॅसोलिन, बेती, म्हापसा, कोलवाळ, धारगळ. साठ किलोमीटरांच्या आसपास रस्ता आणि मध्ये दोन मोठ्या नद्या. कॅरियरवर माटोळीचं सामान आणि आईसाठी कापड. घरात शिरल्यावर बाबा आधी पाय धुवायचे नाहीत. आधी मागचं चाक धरून हलवायचे.

हे चाक हलवून बघायचं वेड त्यांना मामांनी लावलं. मामा डिचोलीकडे शिरगावच्या खाणीवर फिटर होते. खनिजाची धूळ आणि मुरगावचं खारं वारं या दोन गोष्टी सायकलीच्या हबात शिरल्या की छर्रे खातात, असं ते म्हणायचे. १९६२ च्या चवथीला त्यांनी मला पडवीत बसवलं आणि सायकल उलटी करून सांगितलं, "चाक हलता म्हणून लगेच नट आवळीत सुटायचं नाही. कोण ढिला झालाय ते आधी विचार."

चाक तीन कारणांनी ढिलं होतं. एक, आसाचे बाहेरचे दोन नट सैल. तेव्हा चाक अख्खंच्या अख्खं खाचेत सरकतं, चेन लोंबते आणि टायर डाव्या दांडीला घासतो, कारण चेन उजव्या अंगाने ओढत असते. दोन, आतला कोन सैल. तेव्हा नट घट्ट असतात, पण रिम धरून आडवी हलवली की खुट-खुट लागतं. तीन, तारा सैल. तेव्हा चाक फिरवलं की साप चालल्यासारखं नागमोडी दिसतं. तिन्हींचे उपाय वेगळे. नट आवळून कोनाचा दोष जात नाही.

कोनाचं काम असं. चाक फ्रेममधून काढायचं. त्याआधी क्लिपचा स्क्रू सोडवायचा, नाहीतर पट्टी दांडीला धरून बसते. मग ज्या अंगाला कोन आणि त्यावर लॉक-नट आहे, तिथला लॉक-नट सैल करायचा. कोन बोटांनी आवळत जायचा, चाक अडखळेपर्यंत. अडखळलं की साधारण पाव फेरा मागे घ्यायचा आणि कोन पान्याने धरून ठेवून वरून लॉक-नट बसवायचा. कोन धरला नाही तर लॉक-नट त्यालाही आपल्याबरोबर फिरवतो आणि सगळी मेहनत वाया. मग मामांची परीक्षा: आस दोन हातांत धरायचा आणि चाक मोकळं सोडायचं. हवा भरायच्या व्हॉल्व्हचं वजन किंचित जास्त असतं. तो आपोआप खाली येऊन झुलत थांबला तर कोन बरोबर. मध्येच थांबला तर जास्त आवळला. "पाच ग्रॅम वजनाला जो कोन अडवतो, तो साठ किलोच्या माणसाला काय सोडणार?" मामा विचारायचे.

मग चाक परत बसवायचं. या सायकलीच्या खाचा मागे तोंड करून असतात. चेन चढवायची, पट्टी क्लिपमध्ये नुसती अडकवायची, चाक मागे ओढायचं. चेनचा मधला भाग बोटाने वर-खाली केला तर अर्ध्या इंचाचा झोल राहायला हवा. फार ताठ केली तर आस ओढला जातो. फार सैल ठेवली तर चेन उतरते, आणि पेडल-ब्रेकच्या सायकलीची चेन उतरली की ब्रेकही गेला, हे आधी डोक्यात घट्ट बसवायचं. मग टायर दोन दांड्यांच्या बरोबर मध्ये आणायचा, डावा-उजवा नट आळीपाळीने थोडा-थोडा आवळायचा. आणि अगदी शेवटी क्लिपचा स्क्रू. तो आधी आवळला तर पट्टी तिरपी ओढली जाते आणि आत कोन अडखळतो. म्हणून तो शेवटी.

शेवटी करायची गोष्ट सगळ्यात आधी विसरते. हे मामांनी सांगितलं नव्हतं. ते मी स्वतः शिकलो.

त्याआधी जानेवारी १९६२ बद्दल सांगायला हवं, म्हणजे ही सायकल आमच्या घरात काय होती ते कळेल. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १८ तारखेला मुरगावच्या तोंडाशी पोर्तुगीजांचं आफोन्सो द आल्बुकर्क जहाज आणि आपल्या बेतवा, बिआस या युद्धनौकांची झुंज झाली. जहाज मार खाऊन बांबोळीच्या किनाऱ्याकडे रुतलं. आवाजाने आमच्या खिडक्या थरथरल्या, आईने आम्हा पोरांना पलंगाखाली घातलं. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं होतं.

माझ्या आजीचं माहेर बांदा. पत्रादेवीचा नाका ओलांडला की जवळच. पण १९५५ नंतर ते जवळ राहिलं नाही. नाकेबंदीत आजीचा थोरला भाऊ वारला. ती बातमी रानातून चोरून येणाऱ्या एका माणसाकडून आली, तोवर तेरावंही होऊन गेलं होतं. आजीने विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं आणि त्यावर एक शब्द बोलली नाही. जानेवारीत बाबा रजा काढून धारगळला आले, मागच्या चाकाचे नट आवळले, कॅरियरवर गोधडीची घडी बांधली आणि आजीला म्हणाले, "आई, बस." आजी आयुष्यात सायकलवर बसली नव्हती. ती एका अंगाला पाय सोडून बसली, एका हाताने बाबांचा सदरा धरला, दुसऱ्या हातात नारळ. पत्रादेवीला कुणी अडवलं नाही. बाबा सांगायचे, नाका ओलांडल्यावर मागून सदऱ्याची मूठ एवढी घट्ट झाली की गळ्याला कॉलर काचली. बांद्याला पोचल्यावर आजी भावाच्या ओसरीवर बसली आणि सात वर्षांचं तिथे रडली.

अशी ती सायकल. म्हणून त्या वर्षीचा दसरा आला तेव्हा तिच्या पूजेचा मान मोठा. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं, पुस्तकं, यंत्रं सगळं धुऊनपुसून पुजतात. मुरगावच्या घरी विळी, कोयता, बाबांची टॅलीची पेन्सिल आणि सायकल. बाबा पाळीवर होते. मी म्हटलं, सायकल मी करतो. मामांनी शिकवलंय.

मी चाक काढलं. रॉकेलने चेन धुतली. कोन जरा सैल वाटला म्हणून पाव फेऱ्याचा हिशेब केला, व्हॉल्व्हची परीक्षा घेतली, पास झाली. चाक बसवलं, अर्ध्या इंचाचा झोल ठेवला, नट आवळले. पट्टी क्लिपमध्ये अडकवली. तेवढ्यात आईने हाक मारली, झेंडूच्या माळा ओवायच्या होत्या. मी हात धुऊन गेलो. परत आलो तेव्हा सायकल चकचकीत दिसत होती. हँडलला माळ घातली, कॅरियरला आंब्याची डहाळी. आईने कुंकू लावलं. दसऱ्याला सोनं वाटलं, सायकल दाराशी मिरवत उभी राहिली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कामावर निघाले. आम्ही बोगद्याच्या वरच्या बाजूला सड्याच्या वाटेवर राहत होतो. घरातून निघालं की थोडा सपाट रस्ता, मग बंदराकडे उतार. पुढचा हाताचा ब्रेक बाबांनी रबर मिळत नाही म्हणून कधीच काढून टाकला होता. उताराला लागल्यावर त्यांनी पायडल उलट दाबलं. पट्टीला धरणारं कुणी नव्हतं. ती खाली झुकली, आसाला घेऊन मागे फिरली, मडगार्डच्या तारेत अडकून वाकली. फिरत्या आसाने नट सैल केले, चाक तिरपं झालं, चेन उतरली. हे सगळं मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की दोन हमाल बाबांना खांद्याला धरून घरी घेऊन आलेत, त्यांचा डावा हात लोंबतोय आणि सदऱ्यावर झेंडूच्या पाकळ्या चिकटल्यात.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. मनगटही. टॅली क्लार्कला रोजावर पगार. दीड महिना घरी बसले म्हणजे दीड महिन्याचे पैसे गेले. आईने एक पाटली मोडली. चाळीतले लोक यायचे, विचारायचे, कसं काय झालं हो? बाबा प्रत्येकाला तेच सांगायचे, "नट आवळायचा मीच राहिलो. घाई होती." मी दाराआड उभा राहून ऐकायचो.

आणि माझ्या खाकी अर्ध्या चड्डीच्या खिशात तो स्क्रू होता. त्या संध्याकाळी तो बोटांना लागला. मी बायण्याच्या किनाऱ्यावर गेलो आणि पाण्यात फेकून दिला. कुणाला सांगितलं नाही. सायकल कारेरीच्या टपावर चढवून धारगळला गेली. बाबा तिथे बरे झाले, ते परत कामाला आले, सायकल काकांसाठी तिथेच राहिली. मी मात्र त्यानंतर त्या सायकलीला हात लावला नाही. सुट्टीत गेलो तरी पडवीच्या त्या कोपऱ्याकडे बघायचो नाही. पुढे शिकलो, नोकरी केली, मोटारी चालवल्या. बाबा १९९१ मध्ये गेले. सांगायचं राहून गेलं.

ब्रेकच्या या हबचा एक किस्सा मी पुढे वाचला, तो इथे सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७६ मध्ये काही तरुण जुन्या पेडल-ब्रेकच्या सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या वाटेने खाली सुटायचे. पायथ्याशी पोचेपर्यंत ब्रेक एवढा तापायचा की हबातलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं, आणि दर खेपेला हब खोलून ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. त्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. डोंगरावरच्या सायकली, ज्या आज नातवंडं मागतात, त्यांचा उगम तिथला सांगतात. वाचताना मला वाटलं, त्यांना उतार हौसेचा होता. आमच्या सड्याचा उतार पोटाचा होता. बाबा म्हणायचे, "उतारावर सायकल सोडायची नाही आणि दाबूनही धरायची नाही. दाब, सोड, दाब, सोड." त्यांना ग्रीसचा हिशेब मुरगावच्या उतारानेच शिकवला होता.

आता परत गेल्या मे महिन्याकडे येतो. पुतण्याने सायकल अंगणात उलटी केली. मी पाटावर बसलो, गुडघे ऐकत नाहीत. रॉकेल, जुनी चिंधी, दोन पाने. चाक धरून आडवं हलवलं. खुट-खुट. म्हणजे कोन. पुतण्याला म्हटलं, आधी क्लिप सोडव, नाहीतर चाक निघणार नाही. त्याने स्क्रू सोडवून माझ्या तळहातावर ठेवला.

तो वेगळाच स्क्रू होता. सायकलीचे बाकीचे सगळे स्क्रू गोल डोक्याचे, निकेलचा मुलामा दिलेले, एका जातीचे. हा चौकोनी डोक्याचा, जाडसर, काळ्या लोखंडाचा. नटसुद्धा त्याच्या जोडीचा नाही, खाली पत्र्याची चकती घालून बसवलेला. बंदरात पेट्यांना असे स्क्रू असायचे, मी ओळखतो. आणि पट्टी बघितली तर तिच्या मधोमध एक वळ. वाकलेली पट्टी ऐरणीवर ठोकून सरळ केल्याची खूण, हातोडीचे तीन ठसे स्पष्ट दिसतात. मडगार्डची तारही एका जागी परत वळवलेली.

म्हणजे बाबांनी ती सायकल स्वतः दुरुस्त केली होती. डाव्या हाताला फळी बांधलेली असताना, उजव्या हाताने. क्लिप रिकामी त्यांनी पाहिली. स्क्रू तुटलेला नव्हता, तिथे नव्हताच, हे त्यांच्यासारख्या माणसाला क्षणात कळलं असणार. आणि चाक कोणी काढलं होतं हेही त्यांना ठाऊक होतं. बंदरातून आणलेला हा स्क्रू त्यांनी बसवला, चकती घातली, आणि चाळीतल्या लोकांना सांगितलं तेच मरेपर्यंत सांगत राहिले.

पुतण्या विचारत होता, काका, पुढे काय? मी म्हटलं, थांब, डोळ्यात रॉकेल गेलं.

मग मी त्याला सगळं करायला लावलं, मी नुसतं सांगितलं. जुने छर्रे काढून मोजले, नवे म्हापशाहून त्याच मापाचे आणले. एकही कमी-जास्त नको, मोजूनच घालायचे. ग्रीस भरलं. कोन आवळला, पाव फेरा मागे, लॉक-नट. व्हॉल्व्ह हळूहळू खाली येऊन झुलला. नवे टायर-ट्यूब घातले. चाक बसवलं, झोल अर्धा इंच, टायर मध्ये, नट आळीपाळीने. शेवटी तो काळा स्क्रू मी माझ्या हाताने बसवला. पुतण्या म्हणत होता, नवा घालू, स्टेनलेसचा मिळतो. मी म्हटलं, हाच.

आवळून झाल्यावर सायकल हाताने ढकलत चालवायची आणि पायडल हाताने उलट दाबून बघायचं. चाक जागच्या जागी थांबलं पाहिजे आणि पट्टी तसूभर हलता कामा नये. हे बसण्याआधी करायचं. दसऱ्याच्या त्या दिवशी मी एवढं केलं असतं, तर हे लिहावं लागलं नसतं.

आता मोप्याच्या विमानतळामुळे धारगळच्या रस्त्यावर गाड्यांची रीघ असते. पुतण्या संध्याकाळी आतल्या वाटेने देवळापर्यंत सायकल फिरवून आणतो. परवा त्याचा आठ वर्षांचा मुलगा मागे लागला, मलाही शिकव. मी त्याला आधी चाक धरून हलवायला शिकवलं. मग क्लिप दाखवली. त्याने विचारलं, हा स्क्रू एकटाच काळा का? मी त्याला खरं सांगितलं. पहिल्यांदाच कुणालातरी. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मग तुमच्या बाबांना राग आला नाही?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. राग आला असणार. दीड महिना पगार नाही, आईची पाटली गेली, राग न यायला ते देव नव्हते. पण तो त्यांनी ऐरणीवर काढला असावा. हातोडीचे तीन ठसे आहेत, दोन हलके, एक खोल.

मंडळी, तुमच्या माळ्यावर, परड्यात, गोठ्यात अशी एखादी पेडल-ब्रेकची सायकल पडली असेल तर भंगारात घालण्याआधी एकदा डावीकडची ती क्लिप बघा. स्क्रू आहे का, आणि कुणी बसवलेला आहे.